आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

6 डिसेंबर 2025 च्या रात्री गोव्यातील हडफडे येथील एका रात्र-क्लबात आग लागून 25 माणसे प्राणांस मुकली. त्यांतील बहुसंख्य तेथील नोकरवर्गापैकीच होती. आणि अनेकांचा बळी ज्वालांनी नव्हे, तर धुराने घेतला. या दुर्घटनेचा बोध गोव्याच्या शेजारी असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याने घेतला आहे काय, असा प्रश्न आम्हांस विचारावासा वाटतो. 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या या भूमीत आज मालवण, तारकर्ली, देवबाग येथे घरोघर पाहुण्यांच्या खोल्या झाल्या आहेत. माजघराचे भोजनगृह झाले, माळ्याचे शयनगृह झाले. परंतु जिना मात्र पूर्वीचा एकच राहिला!

या बाबतीत कायदा नाही असे मुळीच नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या 1970 च्या मूळ आवृत्तीतील चौथ्या भागाचे नाव केवळ ‘अग्निसंरक्षण’ असे होते. 2005 च्या आवृत्तीत ते ‘अग्नी व जीवसुरक्षा’ असे झाले, आणि 2016 च्या आवृत्तीतही तेच कायम आहे. हा केवळ शब्दांचा फरक नव्हे. आग विझविण्यापूर्वी माणूस जागा झाला पाहिजे आणि बाहेर पडला पाहिजे, हा विचार त्यामागे आहे. महाराष्ट्राच्या 2006 च्या अधिनियमाने ही जबाबदारी इमारतीच्या मालकावर व भोगवटादारावर टाकली, आणि बसविलेली उपकरणे चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत सादर करावे, असे फर्माविले. तरीही जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या शासकीय रुग्णालयात 10 नवजात अर्भके दगावली. कागदावरील कायदा धूर अडवीत नाही, हेच खरे.

किनाऱ्यावर तर कागद आणि वस्तुस्थिती यांतील अंतर अधिकच वाढते. धूर ओळखणारे यंत्र नाजूक असते. खारा वारा त्याच्या तारांची टोके गंजवितो. दमट हवा, धूळ आणि कीटक यांमुळे ते अकारण वाजते. दोनदा अकारण वाजले की वैतागलेला मालक ते बंद करून टाकतो, आणि तिसऱ्या वेळी खरी आग लागते तेव्हा ते मुके असते. वादळपावसात वीज गेली आणि घटमाला उतरलेली असली, तरी परिणाम तोच. देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांमधील चिंचोळी पट्टी. तेथे मालवणहून बंब निघाला, तरी पर्यटकांच्या गर्दीतून वाट काढीत तो केव्हा पोहोचणार? ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरेल.

गरीब गृहस्थाने मुंबईच्या गगनचुंबी इमारतीचे नियम कसे पाळावेत, हा आक्षेप आम्हांस सर्वस्वी गैर वाटत नाही. चार खोल्यांच्या घरावर मोठ्या हॉटेलाचा बोजा लादल्यास चोरवाटा तेवढ्या वाढतील. म्हणून शासनाने लहान घरांसाठी सोपा, स्वस्त आणि सक्तीचा किमान नियम करावा: बाहेर पडण्यास दुसरी वाट, आतून किल्लीवाचून उघडणारे दार, चालू धूरसूचक, गॅसच्या टाक्या घराबाहेर, आणि घरच्यांना वापरता येणारे अग्निशामक नळकांडे. त्यासाठी अल्प व्याजाचे कर्ज देणेही अशक्य नाही. 1942 साली अमेरिकेतील बोस्टन शहरी ‘कोकोनट ग्रोव्ह’, म्हणजे माडबन, या नावाच्या क्लबात 492 माणसे मेली. फिरते दार माणसांच्या लोंढ्याने अडले होते आणि इतर काही दारांना कुलपे होती. त्यानंतर तेथील नियम कठोर झाले. आपल्या माडबनांनी तेवढी किंमत मोजूनच शहाणे व्हावे काय?

शासनाइतकेच कर्तव्य प्रवाशाचेही आहे. सुरमईच्या ताटाचा दर विचारणाऱ्या सुशिक्षित पाहुण्याने खोली घेण्यापूर्वी ‘दुसरी वाट कोठून?’ एवढेही विचारावे. गिऱ्हाइक विचारू लागले की मालक दार करतो. आणि ते दार निरीक्षकाच्या भेटीची वाट पाहत थांबत नाही.