पावसाळी फ्लू : लस, गोळी आणि आपल्या सिस्टरताई

वेदगंगेला पाणी चढले, भुदरगडच्या डोंगरावर ढग टेकले की आमच्या गारगोटीत घरोघरी खोकल्याचे आवाज सुरू होतात. रोपलावणीचे दिवस असतात, मजुरी बुडवून चालत नाही. मग अंगात कणकण आली की चहात आले टाकायचे, तापाची गोळी गिळायची आणि डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन चिखलात उतरायचे. यालाच आपण 'ताप अंगावर काढणे' म्हणतो. बहुतेक वेळा तो निघतोही. पण प्रत्येक वेळी निघत नाही, हे आम्ही जवळून पाहिले आहे, म्हणून हा लेख.

आमच्या ओळखीच्या एक ताई उपकेंद्रावर कंत्राटी नर्स आहेत. गावातील लेकराबाळांना सुया टोचण्यात त्यांची हयात चालली आहे. पण स्वतःच्या दंडावर फ्लूची सुई त्यांनी कधी घेतली नव्हती. एका पावसाळ्यात त्यांना ताप आला. रजा घेतली तर पगार कापला जाणार, म्हणून ताई कामावर जातच राहिल्या. आठवड्याच्या आत त्यांच्या आईने अंथरूण धरले. आई पासष्टीच्या पुढच्या, त्यातून मधुमेह. आम्ही भेटायला गेलो आणि शहाणपणाने सांगून आलो, 'आक्का, पावसाळी ताप आहे, काढा घ्या, उतरेल.' चौथ्या दिवशी आक्कांना धाप लागली. सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या कोल्हापुरात त्यांना हलवावे लागले. आक्का वाचल्या, पण घरातल्या दोन शेळ्या विकल्या गेल्या आणि कर्ज झाले ते वेगळेच. तो काढ्याचा सल्ला आम्हाला आजही टोचतो. तेव्हा आम्ही थोडी चौकशी केली असती, तर पहिल्या दोन दिवसांतच त्यांना औषध मिळाले असते.

फ्लू म्हणजे साधे पडसे नव्हे. १९१८ च्या साथीत आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मुंबई शहराच्या त्या वेळच्या आरोग्य अहवालात जातवार आकडे आहेत. 'खालच्या जातीचे हिंदू' असा रकाना करून त्यापुढे दर हजारी ६१.६ मृत्यू लिहिले आहेत. इतर हिंदूंमध्ये ते १८.९ होते आणि युरोपियनांमध्ये ८.३. रोगजंतूला जात कळत नाही. पण दाटीची खोली, अर्धपोटी शरीर आणि हाताशी नसलेला दवाखाना या गोष्टी जातीप्रमाणेच वाटल्या गेल्या होत्या. तो रकाना आपल्या पणज्या-खापरपणज्यांचा आहे, हे विसरू नये.

पुढे २००९ साली स्वाईन फ्लू आला. त्या साथीतील देशातला पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात गेला. ती अवघी चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. २०१५ साली पुन्हा उद्रेक झाला. त्या एका वर्षात देशात ४२ हजारांवर रुग्ण आणि जवळजवळ तीन हजार मृत्यू नोंदले गेले, त्यांपैकी नऊशेच्या वर एकट्या महाराष्ट्रातील होते. तोच विषाणू आता हंगामी फ्लू होऊन दरवर्षी येतो.

लस कोणी, केव्हा घ्यावी?

हा विषाणू सारखे रूप बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीचे घटक ठरवते आणि लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. टोचल्यानंतर अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत लस घेणे उत्तम. राहून गेली असेल तर पावसाळ्यातही घ्यावी.

लस आधी कोणाला हवी? गरोदर माता, पासष्टीपुढची माणसे, पाच वर्षांखालील मुले, मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचे आजार असलेले, आणि रुग्णांच्या रोजच्या संपर्कातले आरोग्य कर्मचारी. सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही. आईने गरोदरपणी घेतली तर बाळालाही पहिले काही महिने संरक्षण मिळते. लहान मुलाला पहिल्यांदाच लस देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.

'लशीनेच फ्लू होतो' ही समजूत चुकीची आहे. सुईच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखेल, एखादा दिवस कसर वाटेल, इतकेच. मात्र नाकात फवारायच्या लशीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो, ती गरोदर बाईला देत नाहीत. लस घेऊनही कधी फ्लू होतो, पण आजार जिवावर बेतण्याचा धोका कमी होतो.

बाजारात ही लस गरिबाला महाग पडते. राज्य शासनाने २०१५ पासून गरोदर माता, मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ती मोफत देण्याचे धोरण घेतले. तेव्हा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन 'साठा आला का?' असे विचारावे. विचारण्यात लाज कसली?

गोळी कोणाला, किती?

फ्लूवरचे औषध म्हणजे ऑसेलटॅमिविर. ते दुखणे सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतले तर सर्वांत गुणकारी. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचे असते. शासनाच्या मार्गदर्शनात रुग्णांचे तीन गट आहेत, ते सिस्टरताईंनी आणि घरच्यांनीही पाठ करावेत.

'अ' गट : हलका ताप, खोकला, घसा दुखणे, अंगदुखी. ही गोळी नको, तपासणीही नको. घरी विश्रांती, भरपूर पाणी, आणि एक-दोन दिवस लक्ष.

'ब' गट : जोराचा ताप व घशाला फार त्रास, किंवा लक्षणे हलकी, पण रुग्ण वर सांगितलेल्या धोक्याच्या यादीतला. त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवावे. गोळी सुरू करायला तपासणीच्या रिपोर्टची वाट पाहायची नसते.

'क' गट : धाप, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, नखे निळी पडणे, ग्लानी, मुलांत अंगावर न पिणे, झटके येणे. एक तासही न दवडता मोठ्या दवाखान्यात न्यावे.

मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात. मुलांचा डोस वजनावर ठरतो, अंदाजाने देऊ नये. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. ४८ तास उलटले तरी गरोदर बाईला व गंभीर रुग्णाला औषध द्यावेच लागते. जंतूंवरची साधी अँटिबायोटिक गोळी फ्लूच्या विषाणूवर चालत नाही, आणि तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन देणे धोक्याचे आहे.

सिस्टरताईंना विनंती

ताई, आधी आपला दंड पुढे करा. तुम्ही दिवसाला पन्नास घरांना शिवता. ताप असताना कामावर जाऊ नका, असे आम्ही सहज लिहू शकतो; पण कंत्राटी ताईला पगारी आजारपण नसेल तर ते ऐकणार कोण? ही मागणी ताईंची एकटीची नाही, आपल्या सर्वांची आहे. लस मात्र दोन ते आठ अंशांतच ठेवा. गोठलेली लस वाया गेलेली लस, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे!

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाई फुले रुग्णांची सेवा करता करता स्वतः गेल्या. तेव्हा सेवा करणाराला वाचवायला हाताशी फारसे काही नव्हते. आज फ्लूवर लस आहे, गोळी आहे. सेवा करणारीला त्याविना ठेवणे हा आपला दोष होईल.

वाचकहो, येत्या रविवारी विहारात महिला मंडळ जमेल तेव्हा एक काम करा. वस्तीतल्या गरोदर लेकी-सुना, साखरेचे रुग्ण, म्हातारी माणसे यांची यादी एका वहीत लिहा आणि सिस्टरताईंच्या हाती द्या. गारगोटीत आमच्या वहीत पहिले नाव आक्कांचे आहे. दुसरे त्यांच्या लेकीचे.