वीस सेकंदांच्या गाण्याचे मालक किती?

देवळाली कॅम्पात लॅम रोडवरून भोंग्याची रिक्षा जाते. मागे ढोलकी, पुढे खणखणीत आवाज, आणि वीस सेकंदांत साड्यांचा सेल, दुकानाचा पत्ता, शेवटची तारीख सगळं उरकतं. (भोंग्याला लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 तो बंद, आरोग्यधामांच्या या गावात ते बरंच आहे.) अशा जाहिराती कुणीतरी एका खोलीत बसून बनवतो. समजा, त्याला उद्या धंदा विकायचा झाला. तो नेमकं विकणार काय?

माइक, मिक्सर, संगणक यांचा सेकंडहँड भाव बाजारात कुणीही सांगेल. बांधलेल्या गिऱ्हाइकांवर, म्हणजे गुडविलवर, घासाघीस होईल. चालू धंदा अख्खा विकला तर त्या व्यवहारावर जीएसटीही लागत नाही. खरी गंमत हार्ड डिस्कवर आहे.

पेढ्यांच्या दुकानाची दिवाळी ऑफर घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या नजरेत त्या चिमुकल्या गाण्यात निदान चार हक्क दडलेले असतात. शब्द लिहिणाऱ्याचे, चाल बांधणाऱ्याची, रेकॉर्डिंग ते करवून घेणाऱ्याचं, आणि गाणाऱ्या बाईंचा कलावंत म्हणून वेगळा हक्क. शब्द आणि चाल यांचे हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतात. तिशीतल्या पोराने आज चार ओळी लिहिल्या आणि तो ऐंशी वर्षं जगला, तर आठवडाभराच्या ऑफरचं गाणं 110 वर्षं राखीव! पेढे कधीच संपलेले असतात.

दुकानदाराला वाटतं, पैसे मी मोजले, गाणं माझं. फोटो किंवा फिल्म पैसे देऊन करून घेतली, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास कायदा हेच म्हणतो. पण त्या यादीत ध्वनिमुद्रण नाही. हक्क हस्तांतरित करायचा तर लेखी करार आणि सही हवी. तोंडी ‘घे रे, तुझंच आहे’ चालत नाही. करारात मुदत लिहायची राहिली तर ती 5 वर्षं धरतात. म्हणजे 2014 च्या मोघम कागदावरचा हक्क 2019 मध्येच गुपचूप मूळ मालकाकडे परतला असतो, आणि विकणारा मात्र ऐटीत डिस्क दाखवतो.

गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर बेतलेल्या जाहिराती तर मुळात त्याच्या नाहीतच. त्या विकत घेणं म्हणजे भांडण विकत घेणं.

छोट्या जिंगलला कमी लेखू नका, हे मात्र सांगायलाच हवं. विविध भारतीवर 1 नोव्हेंबर 1967 पासून जाहिराती वाजू लागल्या आणि या कलेला घरोघरी श्रोते मिळाले. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’च्या संगीतात वाटा असलेले अशोक पत्की जिंगलच्या दुनियेतही रमले. आयसीआयसीआय बँकेची धून तर ध्वनी-ट्रेडमार्क म्हणून नोंदली गेली आहे. 2017 च्या नियमांनुसार अशा नोंदणीसाठी एमपी3 फाइल 30 सेकंदांच्या आत हवी, सोबत स्वरलेखन. आपली वीस सेकंदं त्यात आरामात बसतात.

म्हणून धंदा विकायला काढण्याआधी लिहिणाऱ्याला, गाणाऱ्याला गाठा आणि सह्या घ्या. आणि घेणाऱ्याने आधी करारांची फाइल मागावी, हार्ड डिस्क नंतर.