उडता येतंय, पण मजा का येत नाही? सुपरहिरो गेमचं गणित

(ताज्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे काय ना' तेवढे काढलेत, बाकी गप्पा जशाच्या तशा.)

हेडफोन लावलेत ना? आज आपण गेम्सबद्दल बोलणार आहोत, आणि सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

मी दिवसा सॉफ्टवेअर इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझा कॉलेजचा मित्र, ऑफिस सुटल्यावर रात्री बसून एक मोबाइल गेम बनवत होतो. कल्पना सोपी होती: एक सुपरहिरो, खाली मोठं शहर, आणि हिरोला उडता येतं. कुठेही, कितीही वेळ, पाहिजे त्या वेगाने. पाच महिने आम्ही त्यावर घातले. ढग केले, सूर्यास्त केला, फडफडणारा केप केला. त्या केपवर तर तीन आठवडे गेले.

मग एका रविवारी माझा मावसभाऊ घरी आला. दहावीतला पोरगा, गेम्सचा किडा. मी फोन त्याच्या हातात दिला. तो उडाला. वर गेला, खाली आला, एका टॉवरभोवती दोन चकरा मारल्या. चार मिनिटांत फोन परत देत म्हणाला, "भारी आहे दादा."

ज्यांनी कधी काही बनवून कुणाला दाखवलंय, त्यांना कळेल. 'भारी आहे' म्हणून जो लगेच फोन परत देतो, त्याला ते भारी वाटलेलं नसतं.

खरी गंमत पुढे आहे. त्यानंतर त्याने माझ्या पीएस-फोरवर 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' लावला. त्याने तो आधीच संपवलेला होता. मिशन घेतलं नाही, गुंड शोधले नाहीत. तासभर नुसता मॅनहॅटनमधल्या इमारतींवर जाळी फेकत झोके घेत फिरत राहिला. मावशी जेवायला हाक मारून थकली.

माझ्या हिरोला उडता येत होतं. स्पायडर-मॅनला तर उडताही येत नाही. मग मजा तिकडे का?

सुपरमॅनची अडचण

पहिल्यांदा वाटलं, आमचे ग्राफिक्स कमी पडले. पण इतिहास बघितला तर दिसतं की उडणाऱ्या हिरोने भल्याभल्यांना दमवलंय. १९९९ साली निन्टेन्डो ६४ वर सुपरमॅनचा एक गेम आला होता. आजही सर्वांत वाईट गेम्सच्या याद्यांमध्ये त्याचं नाव असतं. त्यात पृथ्वीवरचा सर्वांत ताकदवान माणूस काय करतो? हवेत लटकलेल्या कड्यांमधून उडत जातो. कड्या संपल्या की पुन्हा कड्या.

२००६ मध्ये 'सुपरमॅन रिटर्न्स'च्या गेममध्ये हुशार विचार केला होता. सुपरमॅनला मार लागत नाही ना? मग हेल्थ बार त्याचा ठेवायचाच नाही, मेट्रोपोलिस शहराचा ठेवायचा. तुम्ही मरत नाही, पण तुमच्या डोळ्यांदेखत शहर मोडतं. कल्पना मला अजूनही आवडते. पण उडण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. जायचंय तिकडे तोंड करा, बटण दाबा, पोचलात. वाटेत तुम्हाला एकही निर्णय घ्यावा लागत नाही. आमच्या गेममध्ये नेमकं हेच होत होतं. पोरगा उडत नव्हता, आमचा कॅमेरा फिरवत होता.

झोक्याचं गणित

आता स्पायडर-मॅनकडे या. जुन्या गेम्समध्ये, उदाहरणार्थ २००० सालच्या प्लेस्टेशनवरच्या गेममध्ये, त्याची जाळी चक्क आभाळाला चिकटायची. वर काहीही नसलं तरी. खाली रस्त्याच्या जागी धुकं. म्हणजे झोका दिसायला झोका, वागायला उडणंच.

२००४ मध्ये ट्रेयार्क या स्टुडिओच्या 'स्पायडर-मॅन २' ने हे बदललं. तिथल्या जेमी फ्रिस्ट्रॉम यांनी प्रोटोटाइप करून दाखवला की जाळी खऱ्या इमारतीलाच चिकटली पाहिजे. इमारत नसेल, तर झोका नाही. ऐकायला ही अडचण वाटते, पण खेळाडूसाठी सगळं शहर एकदम अर्थपूर्ण झालं. उंच इमारत म्हणजे मोठा झोका. बुटक्या इमारतींची वस्ती म्हणजे जपून. पाणी आलं की पंचाईत. २०१८ च्या गेममध्येही सेंट्रल पार्कवर पोचलात की टॉवर संपतात आणि एकदम हात रिकामा झाल्यासारखं वाटतं.

हे शरीराला का पटतं? कारण आपण सगळे लहानपणी झोक्यावर बसलोय. झोका सर्वांत खाली येतो तेव्हा वेग सर्वांत जास्त असतो. खऱ्या जगाच्या हिशोबाने बघा: वीस मीटर, म्हणजे साधारण सहा-सात मजले खाली झोकून दिलंत, तर तळाला वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास जातो. तिथे जाळी सोडलीत तर तीरासारखे पुढे जाता, पण जमिनीजवळ. अजून थोडं थांबून, झोका वर चढताना सोडलीत, तर उंची मिळते, पण वेग कमी होतो.

म्हणजे प्रत्येक झोक्याला एक छोटा प्रश्न: वेग पाहिजे की उंची? आणि उत्तर द्यायला अर्धा सेकंद. आपण लहानपणी झोक्यावरून उडी मारायचो तेव्हा हाच हिशोब करत होतो, पोरांनो. माझा मावसभाऊ तासभर हीच गणितं सोडवत होता, आणि ज्याचं उत्तर बरोबर येई ते त्याला पोटात कळत होतं.

गेम आपल्या बाजूने खोटं बोलतो

आता एक कबुली. इन्सॉम्नियाकचा २०१८ चा गेम पूर्ण प्रामाणिक नाही. जाळी नेमकी कुठे चिकटवायची हे तुम्ही ठरवत नाही, गेम जवळची योग्य जागा शोधून देतो. वाटेत भिंत आली तर आपटून मरण्याऐवजी हिरो तिच्यावरून धावायला लागतो. कितीही उंचावरून पडलात तरी जीव जात नाही.

मग ही फसवणूक का चालते? कारण कंटाळवाणं काम गेमने घेतलंय आणि निर्णय तुमच्याकडे ठेवलाय. २०२३ च्या 'स्पायडर-मॅन २' मध्ये तर सेटिंगमध्ये जाऊन ही मदत कमी करता येते, पडल्यावर मार लागण्याचा पर्यायही चालू करता येतो. ज्याचा हात बसलाय तो स्वतःहून मदत नाकारतो. जिम लावल्यावर माणूस स्वतःहून वजन वाढवतो ना, तसंच.

हेच गणित मारामारीत बघायचं असेल तर २००९ चा 'बॅटमॅन: अर्कहॅम असायलम' बघा. लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओचा गेम. मारायला एक बटण, वार परतवायला एक बटण. दूरचा गुंड निवडलात तर बॅटमॅन स्वतःच तिथवर झेपावतो. नवख्या माणसालाही पहिल्या मारामारीत आपण बॅटमॅन झाल्यासारखं वाटतं. पण उगाच बटणं बडवलीत की कॉम्बो तुटतो. कुणाला, कधी, आणि आता मारायचं की थांबायचं, हे तुमचं. ढोलपथकात असाल तर ओळखीचं वाटेल: जोर सगळ्यांकडे असतो, ठेका चुकला की सगळ्यांना ऐकू येतं.

आणि मग गेम एक मोठी अट घालतो. समोर बंदूकवाले आले की बॅटमॅनचं काही चालत नाही, काही गोळ्यांत खेळ खलास. मग काय करायचं? छताजवळच्या दगडी मूर्तींवर लपायचं आणि एकेकाला गाठायचं. इथे माझी आवडती गोष्ट घडते. साथीदार कमी होत जातात तसे उरलेले गुंड घाबरतात. एकमेकांना हाका मारतात, दचकून मागे वळतात, नसलेल्या सावलीवर गोळ्या झाडतात. डिटेक्टिव्ह मोड चालू केलात तर त्यांच्या हृदयाचे ठोके वाढलेले दिसतात.

तुम्ही ताकदवान आहात हे स्कोअर सांगत नाही, समोरच्याची भीती सांगते. आमच्या शहरात मात्र हिरो डोक्यावरून गेला तरी एक माणूस मान वर करत नव्हता.

सोळा मिलिसेकंद

आता थोडं इंजिनिअरिंग. गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवत असेल, तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. बटण दाबल्यापासून हिरो हलेपर्यंत किती चित्रं गेली, यावर 'हात बसला' की नाही हे ठरतं. मी आमचा कोड तपासला. उड्डाण घेण्याआधी हिरो गुडघे वाकवायचा, फार सुंदर ॲनिमेशन होतं, आणि त्याला बारा चित्रं लागत होती. म्हणजे दोनशे मिलिसेकंद. प्रत्येक वेळी आमचा हिरो 'येतो, येतो' म्हणत होता.

चांगले गेम उलट करतात. आधी हालचाल सुरू करतात, सजावट नंतर. बटण थोडं आधी दाबलंत तरी ते लक्षात ठेवतात आणि योग्य क्षणी वापरतात. ठोसा लागला की दोन-तीन चित्रं सगळं गोठवतात. फायटिंग गेम्समधली ही जुनी युक्ती आहे. त्या छोट्याशा थांबण्यामुळे ठोसा जड वाटतो.

मोबाइलवर तर हे आणखी कठीण. काचेवर बटण नसतं, दाबल्याचं बोटाला कळत नाही, आणि आपलाच अंगठा अर्धा स्क्रीन झाकतो. म्हणून तिथे आवाज, हलकं व्हायब्रेशन आणि ताबडतोब हालचाल या तिघांनी मिळून बटणाची उणीव भरून काढायची असते.

आकडे वाढले म्हणजे ताकद वाढली?

याची उलट बाजूही बघू. २०२० मध्ये 'मार्व्हल्स ॲव्हेंजर्स' आला. नाव मोठं, पैसा मोठा. मीही खेळलो. त्यातला हल्क हाताळायला वाईट नव्हता. पण थोड्या वेळाने लक्ष सगळं आकड्यांवर जायचं: कुठला गिअर घातला, पॉवर लेव्हल किती. हल्क गुद्दा मारतो, रोबोटच्या डोक्यावर आकडा उडतो, आणि रोबोट उभाच. अहो, हल्क आहे ना तो! ३० सप्टेंबर २०२३ ला तो गेम विक्रीतूनच काढला गेला. त्यामागे अनेक कारणं असतील. माझ्यापुरतं सांगतो: आकडा वाढत गेला, पण माझा हात तिथेच राहिला. स्पायडर-मॅनमध्ये दहा तासांनी मी स्वतः बरा झालेला असतो.

आमच्या गेमचं काय झालं?

हे सगळं कळल्यावर मी मित्राला म्हणालो, "मोकळं उडणं काढून टाकूया." तो भडकला. साहजिक आहे, तो कोड त्याने तीन महिने बसून लिहिला होता. म्हणाला, "अरे, सुपरहिरोला उडता येत नसेल तर तो हिरो कसला?" आठवडाभर आम्ही बोललो नाही. मला खरंच वाटलं, गेमपण गेला आणि दोस्तपण गेला.

मग त्यानेच एका रात्री फोन केला. तो 'अर्कहॅम सिटी' खेळत बसला होता, २०११ चा. त्यात बॅटमॅन उडत नाही, केप पसरून तरंगतो. आधी खाली सूर मारायचा, वेग कमवायचा, मग केप उघडून त्याच वेगावर वर चढायचं. म्हणाला, "आपल्या हिरोला वेग फुकट नको द्यायला. कमवू दे."

आम्ही तेच केलं. सूर मारला तर वेग, वर चढलं की तो खर्च. गुडघे वाकवायचं ॲनिमेशन काढलं. हिरो जवळून गेला की खालची माणसं मान वर करतात, कपडे उडतात. केप तसाच आहे, तीन आठवड्यांचा.

मावसभाऊ दिवाळीत आला तेव्हा फोन पुन्हा त्याच्या हातात दिला. पहिल्या दहा मिनिटांत तो वीसेक वेळा पडला. 'भारी आहे' असं एकदाही म्हणाला नाही. मी फोन मागितला तर म्हणाला, "थांब ना दादा, एकदाच!" ते 'एकदाच' पाऊण तास चाललं.

गेम अजून स्टोअरवर नाही. नोकरी सांभाळून जमेल तसं चाललंय. मित्र मात्र परत आलाय.

तर मंडळी, आज रात्री तुमचा आवडता गेम उघडाल तेव्हा एक करून बघा. मिशन घेऊ नका, पाच मिनिटं नुसते इकडून तिकडे फिरा. मजा येतेय का? येत असेल तर शोधा, गेम तुम्हाला काय करू देत नाहीये. बहुतेक मजा तिथेच दडलेली सापडेल.

काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, पडत राहा!