पेट्रोलच्या टाकीलाही हवा हवी
जुन्या मोटारीतील एका दुर्लक्षित दोषाची ओळख

किराणा दुकानदार खाद्यतेलाचा पत्र्याचा डबा फोडतो, तेव्हा त्याला एक नव्हे, दोन भोके पाडतो. एका भोकातून तेल बाहेर येते व दुसऱ्यातून हवा आत शिरते. दुसरे भोक पाडलेच नाही, तर तेलाची धार अडखळते, गुडगुडते आणि थांबते. मोटारीच्या पेट्रोल टाकीचा न्याय याहून निराळा नाही. इंजिनाने एक लिटर पेट्रोल ओढले, की तेवढी जागा भरण्यासाठी बाहेरची हवा टाकीत आली पाहिजे. तिची वाट बंद झाली, तर टाकीत भरपूर पेट्रोल असूनही गाडी रस्त्यात उभी राहते.

संरक्षणासारख्या विशेष कामांवरील वाहने वगळता, पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. खाजगी पेट्रोल मोटारींची नोंदणी मात्र तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. अ‍ॅम्बॅसेडर आणि मारुती ८०० यांचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी अशा गाड्या आजही वापरात आढळतात. गावात रात्री-अपरात्री रुग्णाला तालुक्याच्या ठिकाणी न्यायचे झाल्यास अनेकदा अशीच एखादी जुनी गाडी धावून येते. ती घाटात बंद पडली, तर प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही.

हवेची वाट कोठे असते?

जुन्या मोटारींत ही व्यवस्था तीन प्रकारची आढळते. पहिल्या प्रकारात टाकीच्या झाकणातच बारीक छिद्र वा झडप असते. दुसऱ्यात टाकीच्या माथ्यावरून एक अरुंद नळी निघून उंचावर उघडते. तिसऱ्या, नंतरच्या प्रकारात झाकण बंदिस्त असते आणि पेट्रोलची वाफ नळीवाटे सक्रिय कोळशाच्या डब्यात नेली जाते. तेथे ती शोषली जाते व इंजिन चालू असताना पुन्हा ज्वलनासाठी ओढली जाते. पेट्रोलची वाफ हवेत मिसळू नये म्हणून अमेरिकेत १९७१ पासून अशी व्यवस्था देशभर सक्तीची झाली आणि पुढे ती जगभर पसरली.

ही वाट बुजण्याची कारणे साधी असतात. धूळ व तेलाचा थर साचतो. गाडीला रंग देताना छिद्र भरून जाते. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर बांधते. दुरुस्तीच्या वेळी नळी दुमडली जाते. हरवलेल्या झाकणाऐवजी बाजारातील, दिसायला तसेच पण बिनछिद्राचे झाकण बसविणे हेही वारंवार आढळणारे कारण होय. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या त्यासाठी बनविलेल्या नसल्याने त्या फुगतात, मऊ पडतात वा चिरतात, हेही ध्यानात ठेवावे.

लक्षणे

गाडी सुरू होते, काही अंतर उत्तम चालते, मग धक्के देऊ लागते व बंद पडते. थोडा वेळ थांबले, की झिरपत गेलेल्या हवेमुळे पुन्हा सुरू होते आणि जवळपास तेवढ्याच अंतरावर पुन्हा थांबते. टाकी काठोकाठ भरलेली असताना हा दोष लवकर प्रकट होतो; कारण आत मोकळी जागा थोडी असल्याने दाब झपाट्याने घटतो.

दाबातील ही घट क्षुल्लक समजू नये. टाकीचा तळ ६० सेंटिमीटर लांब व ४० सेंटिमीटर रुंद धरला, तर क्षेत्रफळ २,४०० चौरस सेंटिमीटर होते. आतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा केवळ विसाव्या हिश्श्याने कमी झाला, तरी त्या पत्र्यावर बाहेरून सुमारे १२० किलो भार पडतो. टाकीचा पत्रा आत का चेपतो, याचे उत्तर या हिशोबात आहे.

उलट प्रकारही घडतो. उन्हात पेट्रोल प्रसरण पावते. तापमान २० अंश सेल्सिअसने वाढल्यास ४० लिटर पेट्रोलचे आकारमान सुमारे पाऊण लिटरने वाढते. शिवाय वाफेचा दाब वेगळाच. बाहेर पडायला वाट नसेल, तर पेट्रोल कार्बोरेटरमध्ये लोटले जाते, वास सुटतो आणि गरम इंजिन सुरू होत नाही. काही गाड्यांत पेट्रोल भरताना पंपाची तोटी वारंवार आपोआप बंद होते. तेही नळी बुजल्याचे चिन्ह असू शकते.

निदान कसे करावे?

गाडी बंद पडताच ती रस्त्याच्या कडेला घ्यावी, इंजिन व दिवे बंद करावेत आणि वेळ न दवडता टाकीचे झाकण अगदी सावकाश सैल करावे. हवा आत ओढल्याचा स्पष्ट आवाज आला व तोंडाशी धरलेली कागदाची पट्टी आत खेचली गेली, तर टाकीत हवा पोहोचत नाही असे समजावे. पट्टी बाहेर फेकली गेली, तर आत दाब साचला आहे. त्यानंतर झाकण लावून लगेच गाडी सुरू करावी. ती नीट चालली आणि तेवढ्याच अंतरावर दोष पुन्हा आला, तर शंका बळावते. दोन-तीन वेळा हाच अनुभव आल्यास निदान पक्के मानावे. बंदिस्त झाकणाच्या गाडीत हलकासा आवाज स्वाभाविक असतो. त्यामुळे केवळ आवाजावर विसंबू नये.

‘वेळ न दवडता’ या शब्दांना येथे महत्त्व आहे. उन्हाळ्यात पंपात वा नळीत पेट्रोलची वाफ अडकूनही गाडी थांबते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. तेथे झाकण उघडून फरक पडत नाही. पंपावर ओले फडके ठेवल्यावर पडतो. फिल्टर तुंबला असेल, तर गाडी चढणीवर वा वेगात दम सोडते; तिलाही झाकण उघडल्याचा उपयोग होत नाही. हा भेद न केल्यामुळे चांगला पंप बदलण्याचा खर्च होतो आणि दोष मात्र तसाच राहतो.

यानंतर दोष झाकणात की नळीत, हे पाहावे. त्याच गाडीसाठी असलेले योग्य झाकण लावून दोष गेला, तर काम संपले. बंदिस्त झाकणाच्या गाडीत, इंजिन थंड असताना, कोळशाच्या डब्याकडील नळीचे टोक मिस्त्रीकडून सोडवून पाहावे. दोष नाहीसा झाला तर डबा तुंबलेला आहे. राहिला तर नळीत अडथळा आहे. टाकी काठोकाठ भरण्याच्या सवयीने द्रवरूप पेट्रोल डब्यात जाऊन कोळसा निकामी होतो. म्हणून तोटी प्रथम बंद होताच भरणे थांबवावे.

सावधगिरी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते व जमिनीलगत दूरवर पसरते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असले, तरी ती ठिणगीने पेट घेते. यास्तव तपासणी उघड्यावर करावी. विडी, काडी वा कंदील जवळ नसावा. नळी साफ करताना ती दोन्ही टोकांनी सोडवून घ्यावी. टाकीत दाबाची हवा कधीही सोडू नये. तोंडाने पेट्रोल ओढू नये. रिकामी दिसणारी टाकीही वाफेने भरलेली असते. तिला वेल्डिंग करणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

झाकणाला खिळ्याने भोक पाडण्याचा ‘इलाज’ही टाळावा. त्यातून पावसाळ्यात पाणी आत जाते आणि गाडी कलंडल्यास पेट्रोल बाहेर सांडते.

शिक्षकांनी झाकणाला दोन छिद्रे असलेला पाण्याचा डबा वर्गात उपडा धरून, एका छिद्रावर बोट ठेवून दाखविले, तर वातावरणाच्या दाबाचा धडा विद्यार्थ्यांच्या कायमचा लक्षात राहील. गावातील गाडीमालकांनी वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, झाकण व नळी तपासून घेतली, तर अडीनडीच्या वेळी गाडी वाटेत दगा देणार नाही. या तपासणीला पैसा फारसा लागत नाही. लागते ती थोडी जाणीव आणि वेळीच दिलेले लक्ष.