नेत्याने काय सोडावे? : बायबलमधील चार प्रसंग

नेतृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सर्वांच्या पुढे चालणारा, सभेत मधल्या खुर्चीवर बसणारा, शेवटचा शब्द ज्याचा असतो असा माणूस उभा राहतो. बायबल वाचताना मात्र वेगळीच गोष्ट ध्यानात येते. या ग्रंथात पुढाऱ्याची पारख त्याने काय मिळवले यावर जेवढी होते, त्याहून अधिक त्याने योग्य वेळी काय सोडले यावर होते. कोणी काम सोडतो, कोणी मान, कोणी अधिकार आणि कोणी जागा. या चार सोडण्यांचे चार प्रसंग मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

मी जैन. ख्रिस्ती धर्मग्रंथावर मी का लिहावे, असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. एक तर हा ग्रंथ मराठीला परका राहिलेला नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. बंगालमधील सेरामपूरहून विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत आणले. ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी आपल्या बेळगावात जन्मले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरवले. जे आपल्या भाषेच्या घरात इतकी वर्षे नांदते आहे, ते उघडून पाहायला धर्मांतर करावे लागत नाही. दुसरे कारण पहिल्याच प्रसंगात आहे, कारण तिथे शहाणपण सांगणारा माणूस बाहेरचाच आहे.

हा प्रसंग ‘निर्गम’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात येतो. मोशेने इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडवून अरण्यात आणले आहे. त्याचे सासरे इथ्रो मुलीला आणि दोन नातवांना घेऊन भेटीला येतात. इथ्रो हे मिद्यान देशाचे याजक, म्हणजे इस्राएली नव्हेत. मोशे पुढे जाऊन त्यांना वाकून नमस्कार करतो, क्षेमकुशल विचारतो. दुसऱ्या दिवशी इथ्रो पाहतात तो काय, जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवीत एकटा बसला आहे आणि माणसे दिवसभर ताटकळत उभी आहेत.

सासऱ्यांनी जावयाचे कौतुक केले नाही. हे चालले आहे ते बरे नाही, तूही झिजशील आणि ही माणसेही झिजतील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. उपायही दिला. कर्तबगार, देवाला भिणारी, सचोटीची आणि लाचेचा तिटकारा असलेली माणसे निवड. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर त्यांना नेम. लहान तंटे त्यांनी मिटवावेत, अवघड तेवढे तुझ्याकडे यावेत. मोशेने ते ऐकले आणि तसे केले.

या सल्ल्यातला एक बारकावा नजरेतून सुटू नये. इथ्रोंनी फक्त मोशेच्या प्रकृतीची काळजी केली नाही. पुढारी एकटा राबतो तेव्हा रांगेत उभी असलेली माणसेही थकतात, हे त्यांनी पाहिले. आपल्याकडे एकट्याने सर्व ओढणाऱ्याला त्यागी म्हणण्याची रीत आहे. दवाखान्यात अशी माणसे नेहमी येतात. साठी उलटलेली, झोप न लागणारी, पित्ताने आणि रक्तदाबाने बेजार झालेली. घरातल्या कपाटाच्या किल्ल्यांपासून संस्थेच्या जमाखर्चापर्यंत सगळे त्यांच्याच हाती असते आणि मी नसलो तर कसे होणार, हे वाक्य ठरलेले. त्यांच्या घरच्यांना विचारले तर वेगळेच ऐकू येते : आम्हाला कधी काही करूच दिले नाही. औषधाने झोप येईल. किल्ली मात्र ज्याची त्यालाच सोडावी लागते.

काम वाटणे म्हणजे हात झटकणे नव्हे, हेही या प्रसंगातच आहे. माणसे कशी निवडायची याची कसोटी आधी सांगितली आहे आणि अवघड निवाडे मोशेकडेच राहिले आहेत. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात हेच दिसते. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या. त्या मुलींना नुसता आसरा दिला नाही. शिक्षण, शेती, विणकाम, छापखाना अशी कामे त्यांच्या हाती सोपवली. रमाबाईंचे बायबल छापण्याच्या कामात याच सदनातल्या स्त्रियांचे हात लागले. दया मिळालेल्या हातांना जबाबदारीही मिळाली, म्हणून त्या सदनात आश्रितांच्या कार्यकर्त्या झाल्या.

काम सोडणे त्यामानाने सोपे. मान सोडणे त्याहून अवघड.

येशूच्या बारा शिष्यांतले याकोब आणि योहान हे दोघे सख्खे भाऊ. गुरूच्या राज्यात एकाला उजवीकडची आणि एकाला डावीकडची जागा मिळावी, अशी त्यांची मागणी होती. मार्क सांगतो की त्यांनी ती स्वतः केली. मत्तयाच्या वृत्तांतात त्यांची आई शब्द टाकते. उरलेले दहाजण हे ऐकून रागावले. व्यासपीठावर कोणाची खुर्ची कुठे मांडायची, यावरून ज्यांनी मंडळाची सभा रंगलेली पाहिली आहे, त्यांना हे दोन हजार वर्षांपूर्वीचे वाटणार नाही. येशूच्या उत्तराचा आशय असा : जगातले सत्ताधारी लोकांवर हुकमत गाजवतात, पण तुमच्यात तसे नसावे, ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सर्वांचे सेवक व्हावे.

हे नुसते बोलून ते थांबले नाहीत. योहानाच्या तेराव्या अध्यायात अखेरच्या भोजनाचा प्रसंग आहे. येशू ताटावरून उठले, अंगावरचे वरचे वस्त्र काढून ठेवले, कमरेला रुमाल बांधला, घंगाळात पाणी घेतले आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन पुसू लागले. त्या देशात धुळीच्या वाटेने वहाणा घालून आलेल्या पाहुण्याचे पाय धुणे हे घरातल्या दासाचे काम. आपल्याकडेही शिष्याने गुरूचे पाय धुवावेत ही रीत. इथे ती उलटी झाली. पेत्राला हे सहन झाले नाही, तो नको म्हणाला. सेवा करणे जसे जड, तशी सेवा घेणेही जड जाते, हे त्याच्या नकारातून कळते. आणि त्या रात्री ज्यांचे पाय धुतले गेले त्यांत यहूदाही होता. तो आपल्याला पकडून देणार, हे येशूंना ठाऊक होते.

गोव्यात, वसईत आणि इतरत्रही पवित्र गुरुवारी चर्चमध्ये धर्मगुरू बाराजणांचे पाय धुतात, ते या प्रसंगाच्या स्मरणार्थ. पोप फ्रान्सिस निवडून आले त्याच महिन्यात, मार्च २०१३ मध्ये, त्यांनी हा विधी रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात जाऊन केला. ज्यांचे पाय त्यांनी धुतले, त्यांत मुली होत्या आणि मुस्लिमही होते. जैन वाचकाला इथे ‘वैयावृत्त्य’ आठवेल. आजारी, थकलेल्या साधूंची शुश्रूषा ही आपल्याकडे सहा अंतरंग तपांमध्ये मोजली आहे. दोन्ही धर्मांचे तत्त्वज्ञान फार निराळे आहे आणि ते एक करण्याचा माझा हेतू नाही. पण दुसऱ्याच्या देहाची सेवा हे हलके काम नसून साधना आहे, यावर दोघांची साक्ष पडते.

तिसरा प्रसंग ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला. आपल्यासारख्या, दुसऱ्या भाषेच्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांना तो सर्वांत जवळचा वाटावा. यरुशलेममध्ये ख्रिस्ती मंडळी नुकतीच आकार घेत होती. तिच्यात दोन गट होते. काही यहुदी तिथलीच भाषा बोलणारे, तर काही ग्रीक बोलणारे. रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली.

अशा वेळी पुढारी काय करतात, ते आपण पाहिलेले असते. तक्रार करणाऱ्यांना फुटीर ठरवतात, नाहीतर चौकशी समिती नेमतात आणि तिच्यावर आपलीच माणसे बसवतात. बारा प्रेषितांनी सर्व मंडळींना बोलावले आणि चांगल्या नावाची, शहाणी अशी सात माणसे तुम्हीच निवडा, असे सांगितले. मंडळींनी सात जण निवडले. त्यांची नावे ग्रंथात दिली आहेत आणि ती सातही नावे ग्रीक आहेत. त्यांतला निकलाव तर अंत्युखियाचा, यहुदी धर्मात बाहेरून आलेला. ज्यांची तक्रार होती, वाढण्याचे काम त्यांच्याकडच्याच माणसांकडे गेले. प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून त्यांना मान्यता दिली. पुढे या वाढप्यांपैकी स्तेफन ख्रिस्ती इतिहासातला पहिला हुतात्मा ठरला आणि फिलिप्पाने शोमरोनात शुभवर्तमान नेले. पंगतीत वाढायला घेतलेली माणसे वाढण्यापुरती राहिली नाहीत.

आता आपल्या मंडळाकडे पाहा. इंदूर असो, बडोदे असो, हैदराबाद असो की बेळगाव, आपल्यातही अशा ‘विधवा’ आहेत. नोकरीसाठी नव्याने आलेली कुटुंबे, ज्यांना आपल्या जुन्या घराण्यांची नावे ठाऊक नाहीत. हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा कानडी माहेरच्या सुना. मराठी बोलणारी, पण वाचताना अडखळणारी आपलीच नातवंडे. आम्हाला कार्यक्रम कळलाच नाही, आम्हाला कोणी बोलावले नाही, हे त्यांचे म्हणणे आपण कानांआड टाकतो आणि मग नवी पिढी येत नाही म्हणून अध्यक्षीय भाषणात हळहळतो. यरुशलेमचा उपाय साधा आहे : ज्याची कुरकुर आहे, त्याच्या हातात वाढण्याची पळी द्या. एखाद्या वर्षीचा गणेशोत्सव, वाचनालयाची पुस्तकखरेदी, व्याख्यानमालेचे विषय त्यांनी ठरवावेत. मराठीत चार शब्द हिंदीचे आले तर भाषा मरत नाही. बोलणारा उठून गेला, तर मरते.

चौथे सोडणे सर्वांत अवघड, कारण ते जागेचे. न सोडणाऱ्याचे चित्र बायबलने शौल राजाच्या रूपाने रंगवले आहे. तरुण दावीदाने पराक्रम केला, गावोगावच्या स्त्रियांनी गाण्यात त्याला राजापेक्षा वरचे स्थान दिले आणि शौलाचे मन फिरले. वीणा वाजवीत बसलेल्या त्या मुलावर त्याने भाला फेकला. आज कोणी भाला फेकत नाही. ‘अजून लहान आहे’, ‘आधी अनुभव घेऊ दे’ एवढे म्हणूनही काम होते.

त्याच्या उलट मोशे. आपल्याला वचनदत्त देशात पाऊल टाकायचे नाही हे कळल्यावर त्याने काय मागितले? ‘गणना’ पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात त्याची काळजी एकच आहे : ही माणसे मेंढपाळावाचून मेंढरांसारखी होऊ नयेत, म्हणून कोणाला तरी नेमावे. मोशेला दोन मुलगे होते. पण निवड झाली नूनाचा मुलगा यहोशवा याची, आणि तो मोशेच्या लेवी वंशातलाही नव्हता, एफ्राईम वंशातला होता. मोशेने सर्व लोकांसमोर त्याच्यावर हात ठेवला आणि आपल्या अधिकारातला काही भाग जिवंतपणीच त्याला दिला. वारस मृत्युपत्रातून जाहीर झाला नाही. डोळ्यांदेखत कामाला लागला. मग मोशे नबो डोंगरावर चढला, पलीकडचा देश दुरून पाहिला आणि तिथेच वारला. त्याची कबर कोणाला ठाऊक नाही, असे ग्रंथ सांगतो. एवढ्या मोठ्या पुढाऱ्याचे स्मारक नाही. लोकांनी तीस दिवस शोक केला आणि ते यहोशवाच्या मागे चालू लागले.

पुढच्यासाठी जागा ठेवणे म्हणजे केवळ पद सोडणे नव्हे. ना. वा. टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिलेल्या, शाळेचे फारसे शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी. आपले अपुरे काम कोण पुरे करील याचा आपला अंदाज बहुधा चुकतो. म्हणून दार मोठे ठेवावे.

हे चारही प्रसंग एका दिशेने बोट दाखवतात. आपल्या संस्था वाडवडिलांनी परमुलुखात पै पै जमवून उभ्या केल्या. त्या पैशाअभावी बंद पडतील, असे मला वाटत नाही. घट्ट धरलेल्या हातांमुळे बंद पडतील, ही भीती मात्र खरी आहे. तेव्हा मंडळाच्या पुढच्या वार्षिक सभेला जाताना आपण प्रत्येकाने, पद असो वा नसो, चार प्रश्न बरोबर न्यावेत. मी एकट्याने करतो असे कोणते काम दुसऱ्याला देता येईल? कोणता मान मी घेतला नाही तरी चालेल? कोणाची कुरकुर मी अजून ऐकलेली नाही? आणि माझ्या जागी येणाऱ्यावर मी माझ्या हयातीत, सर्वांसमोर हात ठेवला आहे का?

उत्तरे सभेत सांगण्याची गरज नाही. चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या दिवशी सभेला एकट्याने जाऊ नका. कोणाला तरी सोबत न्या.