रसायनाचे माहितीपत्रक आणि गुदगत रक्तस्राव

गेल्या वर्षी नालवाडीतील माझ्या चिकित्सालयात एक माहितीपत्रक आले. त्यातील रसायनकल्प ‘टेलोमिअरची लांबी वाढवून वार्धक्य दूर ठेवतो’, असा दावा होता. वैद्यबंधू आणि औषधी विक्रेते या दोघांपुढेही असे दावे येत असल्याने हा विषय मुळातून समजून घेणे अगत्याचे वाटते.

गुणसूत्राच्या टोकांशी टीटीएजीजीजी हा सहा अक्षरांचा क्रम पुनःपुन्हा येतो, तोच टेलोमिअर. पेशीच्या प्रत्येक विभाजनागणिक तो झिजतो व फार आखूड झाला की विभाजन थांबते. ही झीज भरून काढणारे टेलोमरेझ हे विकर १९८४ मध्ये कॅरोल ग्रायडर व एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना सापडले. २००९ चे नोबेल पारितोषिक या दोघींना व जॅक शोस्टाक यांना मिळाले.

बृहदंत्राचा अंतःस्तर काही दिवसांतच नवा होतो, म्हणजे तेथे विभाजन अखंड चालते. जनुकीय दोषाने तेथे पॉलिप उगवला की त्यातील पेशी बेसुमार विभागतात. टेलोमिअर आखूड होतात, उघडी पडलेली टोके एकमेकांस चिकटतात, गुणसूत्रे तुटतात व भलतीकडेच जुळतात. बहुतेक पेशी यात मरतात. ज्या थोड्या टेलोमरेझ जागे करतात त्या टिकतात आणि अमर्याद वाढतात. एकूण कर्करोगांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्क्यांत हे विकर सक्रिय आढळते. वार्धक्य रोखणारे म्हणून ज्याची जाहिरात होते, तेच अर्बुदाला दीर्घायुष्य देते!

आमलकी रसायनावरील मणिपाल येथील संशोधकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सेवन करणाऱ्यांच्या रक्तपेशींत टेलोमरेझची क्रियाशीलता वाढली, टेलोमिअरची लांबी मात्र बदलली नाही. यावरून रसायनाने कर्करोग होतो असे म्हणणे सर्वस्वी चूक ठरेल. परंतु ‘लांबी वाढते’ असे छापण्यासही त्यात आधार नाही. आणि ज्याच्या आतड्यात अर्बुद आधीच आहे, त्याच्याविषयी हा अभ्यास काहीच सांगत नाही.

हे लिहिण्यास कारण माझीच एक चूक. अठ्ठावन्न वर्षांचे एक शेतकरी मलासोबत रक्त जाते म्हणून आले. लक्षणे ऐकून मी अर्श ठरविले, अर्शघ्न कल्प व पांडुतेसाठी मंडूर दिले. तीन महिन्यांनी ‘अशक्तपणा जात नाही, ताकदीचे काही द्या’ म्हणाले, तेव्हा रसायन लिहिण्यासाठी लेखणी उचलली होती. मलाचे वेग वाढल्याचे त्यांनी सहज सांगितले म्हणून गुदपरीक्षण केले. बोटाला कठीण, खडबडीत वाढ लागली. पुढे शस्त्रक्रिया झाली. ते आज हयात आहेत, पण कायमचा कृत्रिम मलमार्ग घेऊन.

सुश्रुतांनी अर्शोयंत्राची लांबी-रुंदीही सांगून ठेवली आहे. आपण मात्र रुग्णाच्या संकोचापुढे माघार घेतो. (लोहकल्पांनी मल काळा होतो, त्यामुळे रक्ताकडे दुर्लक्ष होते, हेही ध्यानात असावे.) आता चाळिशीपुढील व्यक्तीस रक्तस्राव, मलप्रवृत्तीत बदल किंवा अकारण पांडुता असल्यास मी आधी गुदपरीक्षण करतो, कोलोनोस्कोपीसाठी पाठवितो, रसायनाचा विचार त्यानंतर. आमच्या शेजारील औषधालयाचे मालकही मूळव्याधीच्या गोळ्या मागणाऱ्यास प्रथम विचारतात, ‘काका, वैद्यांनी तपासले का?’