रूढीचा पुरावा : कायद्याचा व्यवसाय आणि सामाजिक शास्त्रांची पूर्वतयारी

वकिलीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने विद्यापीठात आधी काय शिकावे, याविषयी भारतातील शिक्षणव्यवस्था फारशी आग्रही नाही. कोणत्याही शाखेची पदवी घेतल्यानंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम पुरा करता येतो. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एकात्म अभ्यासक्रमात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांसारखे विषय अंतर्भूत केलेले असतात. तथापि या विषयांकडे पाहण्याची दृष्टी बहुधा ओसरीकडे पाहण्याची असते : माजघरात जाण्यासाठी ती ओलांडावी लागते एवढेच तिचे प्रयोजन. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, याचा विचार एका ठळक उदाहरणाच्या आधारे करणे उपयुक्त ठरेल. ते उदाहरण डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे होय.

आंबेडकरांचा शिक्षणक्रम या दृष्टीने बोलका आहे. १९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन पदवीधर झाले. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. ची पदवी मिळविली. तेथे अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय असला, तरी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानवशास्त्र यांचेही अध्ययन त्यांनी केले. लंडनच्या ग्रेज इनमध्ये त्यांचे नाव नोंदले गेले ते १९१६ मध्ये, आणि बॅरिस्टर होण्यास १९२२ साल उजाडले. म्हणजे कायद्याच्या अभ्यासास आरंभ होण्यापूर्वीच समाजाकडे पाहण्याची त्यांची पद्धती घडून गेली होती. त्या पद्धतीने कायद्याला काय दिले, हा खरा प्रश्न आहे.

मे १९१६ मध्ये कोलंबियातील मानवशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातिसंस्थेची यंत्रणा, उत्पत्ती व विकास यांविषयी निबंध वाचला. पुढील वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त प्रसिद्ध झाला. आपल्या समूहाबाहेर विवाह न करण्याचा निर्बंध हे जातीचे मूलतत्त्व होय, असे प्रतिपादन त्यात आहे. कायद्याच्या अभ्यासकाने मात्र त्यातील दुसऱ्या एका विधानाकडे लक्ष द्यावयास हवे. जातिव्यवस्था मनूने निर्माण केली नाही. समाजात आधीच रुजलेल्या आचारांना त्याने नियमांचे रूप दिले, असे आंबेडकर सांगतात. मनूवरील त्यांची पुढील काळातील टीका सर्वश्रुत आहे. त्यामुळे हा मुद्दा अधिकच विचारार्ह ठरतो. नियम आणि आचार यांतील पौर्वापर्य तपासण्याची ही दृष्टी मानवशास्त्राची आहे. कोणत्याही आचाराला आरंभ असतो आणि तो आरंभ शोधता येतो, हे तिचे गृहीतक.

शेतजमिनीच्या लहान तुकड्यांविषयी १९१८ मध्ये त्यांनी लिहिलेल्या निबंधात याच शिस्तीचे दुसरे अंग दिसते. तुकडेजोड करणारा कायदा केला म्हणजे शेतीचे दैन्य हटेल, या मताची त्यांनी अर्थशास्त्राच्या कसोटीवर तपासणी केली. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे केवळ क्षेत्रफळावरून ठरत नाही. त्यावर लागणारे श्रम, भांडवल व अवजारे यांच्या प्रमाणावरून ते ठरते, आणि शेतीवर विसंबून असलेल्या अतिरिक्त श्रमशक्तीला उद्योगधंद्यांत वाव मिळाल्याखेरीज रोग हटणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात या विषयावरील विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला. कोणत्या दुखण्यावर कायद्याचे औषध लागू पडत नाही, हे ओळखणे हाही कायदेपंडिताच्या ज्ञानाचा भाग आहे.

या पूर्वतयारीचे मोल जेथे सर्वांत स्पष्टपणे जाणवते, तो प्रसंग महाडच्या चवदार तळ्याचा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता आणि महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. प्रत्यक्षात तेथे पाणी भरण्याची सोय झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरण्याच्या सुमारास काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा दाखल करून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. आंबेडकर या दाव्यात प्रतिवादी होते.

वादींची भिस्त मुख्यतः रूढीवर होती. अस्पृश्यांनी या तळ्याला स्पर्श करू नये, अशी अनादी काळापासूनची रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे दुबळे नव्हते. हिंदू कायद्यात वहिवाटीचा स्पष्ट पुरावा लिखित वचनापेक्षा वरचढ ठरतो, असे प्रिव्ही कौन्सिलने १८६८ मध्येच मदुरेच्या जिल्हाधिकाऱ्याच्या खटल्यात म्हटले होते. मात्र रूढीला कायद्याचे बळ हवे असेल, तर तिची प्राचीनता, सातत्य, निश्चितता व वाजवीपणा सिद्ध करावा लागतो. १९३१ मध्ये खालच्या न्यायालयात वादी हरले, अपिलातही हरले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे आहे आणि अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, असा निर्णय झाला. अलीकडच्या काळातील प्रथेचा पुरावा पुढे आला होता. परंतु तळ्याभोवती घरे उभी राहण्यापूर्वी त्याच्या पाण्यावर असे नियंत्रण कोणी ठेवले असेल, याविषयी न्यायालयाला शंका वाटली.

हा तर्क १९१६ च्या निबंधातून न्यायालयात आला, असे म्हणणे अतिशयोक्त होईल. परंतु दोहोंचा प्रश्न एकच आहे : जे अनादी म्हणून सांगितले जाते, ते केव्हापासूनचे? न्यायालयाने विचारात घेतलेली सामग्री पाहता, वस्तीची वाढ, पाण्याची मालकी व वापर यांचा समाजेतिहासच तेथे तपासला जात होता, हे ध्यानात येते.

भाषेच्या अभ्यासकांना येथे आणखी एक गोष्ट जाणवेल. इंग्रजी कायद्याच्या एकाच संज्ञेसाठी मराठीत प्रसंगपरत्वे रूढी आणि वहिवाट असे वेगळे शब्द येतात. रूढी या शब्दाच्या मुळाशी 'रुह्', म्हणजे उगवणे, वाढणे हा धातू आहे. वहिवाटीत वापर व कबजा यांचा अर्थ मिसळलेला आहे. एक शब्द समाजमान्यता सूचित करतो, दुसरा प्रत्यक्ष उपभोग. वतन, बलुते, खोती हे शब्दही असेच. केवळ शब्दकोशातील अर्थाने ते उलगडत नाहीत. महार वतनासंबंधी १९२८ मध्ये आणि खोतीसंबंधी १९३७ मध्ये आंबेडकरांनी विधेयके मांडली, तेव्हा या शब्दांआडचे श्रम, मोबदला व सत्ता यांचे संबंध त्यांना मांडावे लागले. कायद्याचा शब्द वाचण्यासाठी समाज वाचावा लागतो, तो असा.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सामाजिक शास्त्रांचे ज्ञान हा कायद्याच्या ज्ञानाला पर्याय नव्हे. अन्यायाचे उत्कृष्ट विश्लेषण करूनही मनाईहुकूम उठत नाही. त्यासाठी पुराव्याचे नियम, सिद्धतेचा भार कोणावर आहे याची जाण आणि दिवाणी प्रक्रियेतील चिकाटी लागते. महाडचा दावा निकाली निघण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ लागला. उलट पक्षी, केवळ प्रक्रिया जाणणारा वकील रूढी हा शब्द ऐकताच ती आहे असे धरून चालण्याचा संभव असतो. सामाजिक शास्त्रांत मुरलेला वकील आधी विचारतो : कोणाची रूढी, केव्हापासूनची, आणि ती कोणाच्या सोयीची?

हा प्रश्न परीक्षेपुरत्या वाचलेल्या टिपणांतून सुचत नाही. विद्यार्थ्याने पदवीच्या वर्षांत एखाद्या गावाच्या जमीननोंदी चाळल्या, एखाद्या समूहाच्या विवाहसंबंधांचा मागोवा घेतला, एखाद्या नगरपालिकेचे ठराव व त्यांची अंमलबजावणी यांतील अंतर मोजले, तर पुढे साक्षीदारासमोर उभे राहताना ती सवय त्याच्या उपयोगी पडेल. महाडच्या तळ्याकाठी ठराव होता आणि पाणी नव्हते. हे अंतर ज्याला आधी दिसते, त्यालाच ते न्यायालयात दाखविता येते.